कातळातली भेग

पुण्याहून पश्चिमेकडे निघाले आणि हिंजवडी ओलांडली, की मुळशी तालुक्यातील माण हे गाव लागते. एके काळी येथे भाताची खाचरे होती आणि खाचरांच्या बांधांवर आंब्याची झाडे होती. आज त्या बांधांच्या शेजारी काचेच्या उंच इमारती आणि मेट्रोचे खांब उभे आहेत. नांगराचा फाळ दगडाला लागला म्हणजे पूर्वीचा शेतकरी बैलांना थांबवीत असे. आता तोच दगड फोडीत यंत्रे दिवसभर घरघरत असतात. गाव बदलले, माणसांचे व्यवसाय बदलले. परंतु पायाखालचा काळा कातळ मात्र तोच आहे.

या गावी एका मळ्यात एक जुनी विहीर आहे. चैत्राच्या एका सकाळी एक वृद्ध शेतकरी आपल्या बारा वर्षांच्या नातीला घेऊन त्या विहिरीच्या काठाशी आला. विहिरीच्या जवळच त्यांचे नवे घर व्हायचे होते. जुने घर दगडमातीचे. त्याच्या भिंतींना पोट सुटले होते. नव्या घराच्या पायाची आखणी चुन्याने झाली होती, आणि गवंडी उद्या-परवा कामाला लागणार होता.

नातीने वाकून विहिरीत पाहिले. उन्हाळ्यामुळे पाणी खोल गेले होते आणि आतली बाजू उघडी पडली होती. सर्वांत वर हातभर माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, त्याखाली काळाभोर कातळ. मध्येच तांबड्या मातीचा एक अरुंद पट्टा आणि त्याखाली पुन्हा कातळ. जणू कोणी एकावर एक भाकऱ्या रचून ठेवल्या होत्या! तळाजवळच्या कातळात एक तिरपी भेग होती आणि तिच्यातून पाण्याची बारीक धार पाझरत होती.

"आजोबा, दगड तर तडकलेला आहे," ती म्हणाली.

"तडकला आहे म्हणून तर पाणी आहे, पोरी," म्हातारा हसून म्हणाला. "माझ्या वडिलांनी ही विहीर खणली, तेव्हा तीस हात खाली गेले तरी नुसता कोरडा पाषाण. शेवटी सुरुंग लावला आणि ही भेग उघडली. अखंड कातळ पाणी देत नाही. भेग असेल तरच झरा लागतो."

म्हाताऱ्याचे हे बोल विहिरीपुरतेच खरे होते असे नव्हे. ज्या भूमीवर आपण घरे बांधतो, शेते नांगरतो आणि निर्धास्तपणे झोपतो, ती सारी भूमीच भेगांनी, वळ्यांनी आणि ताणांनी घडलेली आहे. त्या विहिरीतील कातळ हा तिच्या फार मोठ्या कथेतील एक लहानसा अध्याय होय.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या प्रदेशात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारस बाहेर आला. तो एखाद्या उंच ज्वालामुखीच्या तोंडातून उसळला असे नाही. पुराचे पाणी शेतातून पसरावे तसा तो दूरवर पसरला आणि थिजला. काही काळ गेला, त्यावर ऊनपाऊस झाले, वरचा भाग कुजून त्याची तांबडी माती झाली. आणि पुन्हा नवा शिलारस तिच्यावर येऊन पसरला. माणच्या विहिरीत दिसणारा तो तांबडा पट्टा म्हणजे दोन महापुरांमधला विसावा. असे थरांवर थर चढत जाऊन महाराष्ट्राचे पठार तयार झाले. कोयनेच्या परिसरात शास्त्रज्ञांनी खोल भोक पाडले, तेव्हा हा काळा दगड सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा असल्याचे आढळले. त्याच्याही खाली अब्जावधी वर्षांचे जुने ग्रॅनाइटी खडक आहेत. तेच या खंडाचे खरे कवच. काळा कातळ हे त्यावर घातलेले पांघरूण आहे.

हे कवच सुमारे पस्तीस ते चाळीस किलोमीटर जाड आहे. एवढा जाड दगड ताणला जातो, दुमडतो, वाकतो, हे ऐकून कोणालाही नवल वाटेल. दगडाला वाकवू गेले तर तो फुटतो, हा आपला रोजचा अनुभव आहे. मग तो वाकतो कसा?

याचे उत्तर स्वयंपाकघरात मिळते. कणकेचा उंडा तासभर उघडा ठेवला म्हणजे त्याची वरची साल वाळते, आतली कणीक मात्र मऊच राहते. तो उंडा दोन्ही हातांनी हळूहळू ओढला, तर आतली कणीक लांबते आणि मध्ये पातळ होते. वरची साल मात्र लांबू शकत नाही, ती ठिकठिकाणी तडकते. पृथ्वीच्या कवचाचेही तसेच आहे. वरचा दहा-पंधरा किलोमीटरांचा भाग थंड आणि ठिसूळ आहे. तो ताण सोसतो तोवर सोसतो आणि मग तुटतो. त्याखाली उष्णता इतकी वाढते, की तेथील खडक घन असूनही लाखो वर्षांच्या ओघात मेणासारखा सावकाश सरकतो. ज्या तड्यावर दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांपासून खालीवर किंवा आडवे सरकतात, त्याला प्रस्तरभंग म्हणतात; आणि दाबामुळे थरांना जी घडी पडते, तिला वळी म्हणतात.

असा उंडा ओढला गेल्याची खूण पाहायची तर माणहून फार दूर जावे लागत नाही. पश्चिमेकडे मुळशीचे तळे ओलांडले आणि ताम्हिणीच्या घाटात आले, की पठार एकाएकी संपते आणि पायाखाली कोकण दिसू लागते. फार प्राचीन काळी येथे समुद्र नव्हता. आज हिंदी महासागरात असलेली सेशेल्स बेटे त्या वेळी भारताच्या पश्चिम काठाला चिकटलेली होती. सुमारे 6.3 कोटी वर्षांपूर्वी भूमी ताणली जाऊन ती विलग झाली. आज ती मुंबईपासून तीन हजार किलोमीटरहून अधिक दूर आहेत. त्या ओढाताणीत कवच पातळ झाले, त्याला उत्तर-दक्षिण भेगा पडल्या, आणि किनाऱ्याकडचा भाग खाली झुकला. घाटमाथ्यावर जे कातळाचे थर पाटीसारखे सपाट आहेत, तेच पनवेलच्या बाजूस पश्चिमेकडे कलंडलेले दिसतात. भूशास्त्रज्ञ या कलंडण्याला 'पनवेलची वाक' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. कवच जेथे ताणून खचले, तेथे समुद्राखाली गाळ साचत गेला. 1974 मध्ये 'सागरसम्राट' या जहाजाने मुंबईपासून दूर समुद्रात जे खनिज तेल शोधून काढले, ते अशाच खचलेल्या प्रदेशातील थरांत दडलेले होते. आणि वज्रेश्वरी, पालीजवळचे उन्हेरे, तुरळ, राजापूर येथील उन्हाळी, म्हणजे ऊन पाण्याचे झरे, कोकणात उत्तर-दक्षिण अशा एका माळेत ओवल्यासारखे आहेत, याचे कारणही त्या भेगाच होत. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, तेथे तापते आणि दुसऱ्या वाटेने वर येते.

माणच्या जवळून वाहणारी मुळा नदीही याच घटनेची साक्ष देते. येथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. तरी मुळा त्याच्याकडे वळतही नाही. ती पाठ फिरवून पूर्वेकडे जाते, मुठेला मिळते, पुढे भीमेत आणि भीमेबरोबर कृष्णेत जाऊन हजाराहून अधिक किलोमीटर चालते आणि बंगालच्या उपसागराला भेटते. भूमी तुटली तेव्हा तिचा पश्चिमेचा काठ उचलला गेला आणि सारे पठार पूर्वेकडे उतरते झाले. जवळचा समुद्र सोडून दूरचा समुद्र गाठणारी ही नदी वेडी नव्हे. उतार नेईल तिकडे ती जाते.

ताणाची ही कथा झाली. आता दाबाची पाहू. म्हाताऱ्याच्या देवघरात एक शाळिग्राम होता. नात लहानपणापासून त्याला नमस्कार करीत आली होती. त्यावरची चक्राची खूण तिला विशेष आवडे. नेपाळातील गंडकी नदीत मिळणारा हा काळा दगड म्हणजे समुद्रात राहणाऱ्या एका प्राचीन शिंपल्याच्या जीवाचा ठसा आहे. समुद्रातला जीव हिमालयात कसा गेला? तो गेला नाही; समुद्राचा तळच वर आला. भारताची भूमी उत्तरेकडे सरकत सरकत आशियाला भिडली, आणि मधल्या समुद्रतळाचे थर, जमिनीवर पसरलेली चादर भिंतीकडे ढकलली असता तिला घड्या पडाव्यात, तसे दुमडून उंच झाले. आपल्या नागपूर जिल्ह्यातही, रामटेकजवळच्या मनसरच्या खाणींत, मँगनीज धारण करणारे अतिप्राचीन थर असेच वळ्या पडलेले दिसतात. ते पर्वत केव्हाच झिजून गेले. घड्या तेवढ्या राहिल्या.

ही ढकलाढकल अजून थांबलेली नाही. भारताचा भूपट्ट आजही वर्षाला चार-पाच सेंटिमीटर, म्हणजे बोटाचे नख वाढते त्याहून किंचित अधिक, उत्तरेकडे सरकत आहे. पुढे हिमालयाची आडकाठी, मागून सतत रेटा. त्यामुळे साऱ्या द्वीपकल्पाच्या अंगात ताठर दाब भरून राहिला आहे. जुन्या भेगा पांघरुणाखाली दडलेल्या आहेत. त्यांपैकी एखादी दुर्बल झाली, की ती क्षणार्धात सरकते. त्या क्षणालाच आपण भूकंप म्हणतो.

म्हाताऱ्याने तो क्षण अनुभवला होता. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, चार वाजून गेल्यावर, तो दहा वर्षांचा मुलगा घोंगडीत झोपला होता. फळीवरची भांडी खणखणली, गोठ्यात बैलांनी दावी ताणली, आणि भिंतींतून माती झरू लागली. "शेषाने फणा हलवला," असे त्याची आजी म्हणाली आणि तिने सर्वांना अंगणात काढले. माणला एवढ्यावरच निभावले. पुढे दोन दिवसांनी कळले, की दक्षिणेकडे कोयनानगर जमीनदोस्त झाले आहे. सुमारे 180 माणसे त्या धक्क्यात दगावली. त्या धक्क्याची तीव्रता 6.3 एवढी मोजली गेली. कोयनेच्या दक्षिणेस जमिनीला लांब भेगा पडल्या. तेथे प्रस्तरभंगाच्या दोन बाजू प्रामुख्याने आडव्या, एकमेकींना घासत सरकल्या होत्या. धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले. मागून त्याला बळकटी देण्यात आली. कोयनेचा जलाशय 1962 मध्ये भरू लागला, आणि तेव्हापासून त्या भागात लहानमोठे धक्के बसत आले आहेत. पाण्याचा भार आणि भेगांतून खोल झिरपणारे पाणी यांनी आधीच ताणलेल्या प्रस्तरभंगाला सरकण्यास मदत केली, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. ते अधिक नेमके समजावे म्हणून कराड येथे केंद्र सरकारने संशोधनकेंद्र उभारले, आणि 2017 मध्ये कोयनेच्या परिसरात तीन किलोमीटर खोल भोक पाडून पूर्ण केले.

कोयनेचे ठीक, तेथे धरण होते. परंतु किल्लारीला काय होते? मराठवाड्याचे ते सपाट रान. तेथे पर्वत नाही, मोठी दरी नाही. सरकारी नकाशात तो प्रदेश भूकंपाच्या सर्वांत कमी भयाचा म्हणून दाखविलेला. 1992 च्या अखेरीस तेथे लहान धक्के बसले, जमिनीतून आवाज आले. मग सारे शांत झाले आणि लोक आपापल्या कामाला लागले. पुढील वर्षी अनंत चतुर्दशीला गावोगावी गणपतींचे विसर्जन झाले. मिरवणुकीने दमलेले लोक गाढ झोपले असता, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली. काही सेकंदांत लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांतील अनेक गावे दगडामातीचे ढीग झाली. हजारो माणसे गेली. येथे प्रस्तरभंगाची एक बाजू दुसरीवर चढली होती. किल्लारीजवळच्या शेतांत जमीन उचललेली स्पष्ट दिसत होती. काळ्या पांघरुणाखाली तेथेही एक जुनी भेग होती, आणि ती कोणालाही ठाऊक नव्हती.

त्या भूकंपाची तीव्रता कोयनेच्या धक्क्याएवढीच होती. मग एवढी माणसे का गेली? पहाटेची वेळ हे एक कारण. पण खरे कारण घरांत होते. उन्हापासून निवारा मिळावा म्हणून तेथे माळवदाची घरे बांधीत. हातभर, दोन हात जाडीच्या दगडी भिंती, दगड नुसत्या मातीत बसविलेले, आणि वर मातीचे जड छप्पर. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या तोंडांना एकत्र बांधून ठेवणारे लांब दगड नसत. धरणी हलली तशा भिंतींच्या दोन्ही बाजू फाकल्या आणि छप्पर खाली आले. त्याच गावांतील कुडाच्या झोपड्या मात्र बहुधा वाचल्या. आणि ज्या घरांत लाकडी खांबतुळयांचा सांगाडा पक्का होता, तेथे काही ठिकाणी भिंती पडूनही छप्पर तोलून राहिले. उन्हाळ्यात गारवा देणारी भिंतच त्या पहाटे घातक ठरली.

विहिरीच्या काठावर बसून म्हाताऱ्याने नातीला कोयनेची पहाट सांगितली. किल्लारीचे तिने शाळेत वाचले होते. तिने पुन्हा विहिरीतल्या त्या भेगेकडे पाहिले. मघाशी जी पाण्याची धार म्हणून तिला आवडली होती, ती आता निराळी दिसू लागली.

"आजोबा, आपलीही भेग सरकेल का?"

"प्रत्येक भेग सरकत नाही. ही तर शिलारस थिजताना आकसला तेव्हाची, लहानशी. पण आपल्याखाली कोठे काय आहे, ते कोणाला सारे दिसते? किल्लारीच्या लोकांनाही दिसले नव्हते."

"मग आपण काय करायचे?"

म्हाताऱ्याने लगेच उत्तर दिले नाही. तेवढ्यात तिचे वडील गवंड्याला घेऊन तेथे आले. लोखंडाचा हिशेब चालला होता. जोत्यावर, खिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराखाली, साऱ्या भिंतींना वेढून जाणारे लोखंडी सळयांचे व काँक्रीटचे आडवे पट्टे घालायचे, असे नकाशात होते. गवंडी म्हणत होता, "इकडं भूकंप कुठं होतोय, साहेब? एक पट्टा जोत्याला घातला की पुष्कळ झालं. बाकीचं लोखंड वाचेल." वडिलांनाही ते पटू लागले होते, घराचा खर्च आधीच आवाक्याबाहेर गेला होता.

"किल्लारीलाही होत नव्हता," नात हळूच म्हणाली.

सारे तिच्याकडे पाहू लागले. ती संकोचली, पण मागे हटली नाही. "शिंकाळ्याला सगळीकडून दोरी असते म्हणून मडके पडत नाही ना? एकच दोरी ठेवली तर?"

म्हातारा उठला. नवे घर झाले की आपल्याला जुनी पडवी सोडावी लागणार, याचे दुःख त्याच्या मनात होते. तो खर्चाच्या बोलण्यात कधी पडत नसे. त्या दिवशी मात्र तो मुलाला म्हणाला, "फरशी साधी घाल. रंग पुढच्या दिवाळीला दे. पण पट्टे तिन्ही घाल. धरणी स्थिर आहे असे धरून बांधलेले घर, ती हलेपर्यंतच आपले."

वडील क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी हिशेबाच्या कागदावर फरशीची ओळ खोडली.

पुढे वैशाखात भिंती उभ्या राहिल्या. पहिला पट्टा झाला, दुसरा झाला, मग तिसरा. काँक्रीट पक्के व्हायचे तर त्याला आठवडाभर तरी ओले ठेवावे लागते. हे काम नातीने आपल्याकडे घेतले. रोज सकाळी आणि संध्याकाळी ती विहिरीवर जाई, भेगेतून झिरपून साचलेले पाणी काढी आणि शिडीवर चढून पट्ट्यांवर मारी. आजोबा खाली शिडी धरून उभे राहत. चार घागरी झाल्या, की त्यांच्या मते काम पुरे होई. ती मात्र आणखी एक घागर आणायला विहिरीकडे वळलेली असे.